दक्षिणेची गॅलरी आणि माझी सही

आमच्या कॉन्डोच्या माहितीपत्रकात या इमारतीच्या अख्ख्या आयुष्याची बोळवण एका ओळीत केली आहे: 'ऐतिहासिक विटांमधलं आधुनिक राहणीमान.' हॉस्पिटल हा शब्द औषधालाही नाही. मेली असतील इथं माणसं, त्यात लपवायचं काय? बरी होऊन घरीही गेलीच असतील की!

आईनं मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. ती नागपूरला सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती, रिटायर झाल्यावर कॅनडात किचनरला माझ्याकडे आली. कॉरिडॉरमध्ये ती वाकली आणि जमीन भिंतीला मिळते तिथून तिनं बोट फिरवलं. तिथं कोपरा नव्हता, गोलाई होती.

"कचरा साचू नये म्हणून करतात असं," ती म्हणाली. "हा वॉर्ड होता गं."

मग तिनं दाराची रुंदी हातानं मोजली. पलंग सरळ बाहेर जावा एवढं दार. बाहेर म्हणजे दक्षिणेकडच्या लांब, काचेच्या गॅलरीत. क्षयाच्या पेशंटना पलंगासकट तिथं उन्हात ठेवत असणार. ज्यानं कुणी ती बांधली, त्याला हिवाळ्यात सूर्य किती खाली उतरतो हे पक्कं ठाऊक होतं. जानेवारीतही ऊन थेट आतल्या भिंतीला टेकतं.

आमचा फ्लॅट उत्तरेचा, त्यामुळे हिवाळाभर अंधारा. थंडीत आईचे गुडघे धरतात आणि बर्फात ती पाऊल टाकत नाही. तेव्हा रोज जेवणाआधी दोन तास ती त्या सामायिक गॅलरीत बसायची. तिथून परतली की कुणाचाही हात न धरता घरभर फिरायची. त्या उन्हावरच तिचा हिवाळा निघत होता.

मग एका संध्याकाळी कॉन्डोच्या बोर्डावरची एक शेजारीण बनाना ब्रेड आणि एक कागद घेऊन दारात आली. मला त्या आठवड्यात ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी होती, फ्लॅटमालकांच्या मीटिंगला जाणं जमणार नव्हतं. ती म्हणाली, "प्रॉक्सी दे, तुझ्या वतीनं मत मी टाकीन. जस्ट अ फॉर्मॅलिटी." खाऊ घेऊन आलेल्या बाईसमोर कागद वाचत उभं राहायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा, आणि ते मला कधी जमलेलं नाही. भीड पडली. सही केली. वर 'थँक यू सो मच' मीच म्हणाले!

दोन आठवड्यांनी मीटिंगचा वृत्तांत आला. गॅलरीचं 'वर्क लाउंज' होणार, फक्त लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी. स्क्रीनवर चमक येते म्हणून काचांना काळे पडदे. उन्हासाठी बांधलेल्या खोलीत ऊनच नको! आणि हे सगळं कुणासाठी, तर माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी तणतणत बोर्डाच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, ही इमारत बांधणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त अक्कल होती. माझ्या आईनं आता बसायचं कुठे? त्यांनी शांतपणे फाइल उघडून माझ्यासमोर सरकवली. तोच कागद: ठरावापुढे 'होय'च्या चौकटीत खूण, खाली माझी सही.

"युअर युनिट व्होटेड यस," ते म्हणाले.

घरी येऊन मी आईपाशी त्या शेजारणीचा उद्धार केला. किती चालू बाई, कसं गोड बोलून फसवलं, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर आई म्हणाली,

"ऑपरेशनच्या फॉर्मवर अंगठा घ्यायच्या आधी मी बायकांना ओळन् ओळ वाचून दाखवायचे. मी विसरले, तर ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही विचारायच्या, सिस्टर, यात काय लिहिलंय? तू विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं," मी म्हणाले.