चांदणेमास्तरांचं पिवळं पाणी

मास्तरांचं खरं आडनाव निराळंच होतं. पण त्यांच्या फोटोत कचेरीतल्या कारकुनाच्या डोळ्यांतही चांदणं पडायचं, म्हणून सगळं कल्याण त्यांना चांदणेमास्तर म्हणे. मी सोडून. त्यांच्या स्टुडिओसमोरच माझा स्टुडिओ होता, आणि माझ्या फोटोतली माणसं नुकताच दात उपटून आल्यासारखी दिसत.

त्या चांदण्याचं मूळ एका बाटलीत होतं. लाल खडे पाण्यात विरघळवून मास्तर पिवळं ब्लीच करत, काडीला कापूस गुंडाळून फोटोतल्या बुबुळांना हलकेच टिपत आणि लगेच फोटो धुऊन टाकत. "पाणी लिंबाच्या सरबताएवढं फिकं हवं," ते ऐटीत सांगत. "आणि मोह व्हायच्या आत हात उचलायचा. हात उचलल्यावरही ब्लीच फोटोतला काळा रंग खात राहतं." मी रस्त्यात दिसलो की जरा मोठ्याने सांगत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला खडवलीहून सासूबाईंनी लेकीचा फोटो मागवला. बायको भाबडेपणाने म्हणाली, "अहो, मास्तरांकडे काढूया का?"

माझा जळफळाट झाला. "नवरा फोटोग्राफर असताना?"

मीच काढला. मास्तर खरं प्रमाण लपवत असणार, याची मला खात्री! म्हणून मी हळदीच्या दुधाएवढं दाट ब्लीच कालवलं आणि बोळा चांगला घोळवला. धुऊन बघतो तर बुबुळं गायब. देवीला बसवलेल्या चांदीच्या डोळ्यांनी बायको माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या प्रतीचंही तेच झालं.

"आई घाबरेल हो," ती म्हणाली, आणि तो पांढऱ्या डोळ्यांचा फोटो घेऊनच समोर मास्तरांकडे गेली.

मास्तरांनी काढलेल्या फोटोत ती अशी काही हसत होती की मी तो उजेडाला धरून पुन्हा पुन्हा बघितला. माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी हसली होती अशी?

"काय म्हणाले गं मास्तर?"

"कुठं काय?"

ते 'कुठं काय' मला कित्येक वर्षं टोचत राहिलं.

पुढे मास्तर दुकान मोडून मुलाकडे नागपूरला निघाले. उरलेल्या खड्यांची बाटली मला द्यायला आले, तेव्हा मी विचारलंच, "त्या दिवाळीच्या फोटोत हिच्या डोळ्यांना ब्लीच किती लावलं होतंत?"

"थेंबभरही नाही. तुमचा तो पांढऱ्या डोळ्यांचा फोटो पाहून विचारलं, हे कुणाचं काम? वहिनी तुमची फजिती सांगायला लागल्या, आणि मी बटण दाबलं." मग बाटलीकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्या घरी असं कुणी हसलं नाही हो. नाहीतर काढला असता."

त्या आवाजातली जळजळ मी चटकन ओळखली. माझीच होती.

त्या फोटोची एक प्रत अजून आमच्या भिंतीवर आहे. तुम्ही काढलात का, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो. "काढला मास्तरांनी. हसवलं मी."