फॅमिली ग्रुपवर टाकलेला रिपोर्ट

मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या पोटातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर वाढल्यात.

नऊ वर्षं मी दर पाळीला देगलूरच्या घरात पोट धरून फरशीवर लोळले. सोनोग्राफी नॉर्मल आली की सासूबाई तो कागद फॅमिली ग्रुपवर टाकायला लावायच्या, वर म्हणायच्या, "काही न्हाई, नाटकं हायत." लातूरची नणंद त्यावर लाइकचा अंगठा टाकायची.

शेवटी मीच अडून बसले. गेल्या आठवड्यात नांदेडला डॉक्टरांनी बेंबीतून दुर्बीण घालून आत पाहिलं, डाग दिसले, तुकडा काढून लॅबला पाठवला.

आज तो रिपोर्ट मीच ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाचला. मला लई बरं वाटलं.

तासाभरानं नणंदेचा फोन आला. आवाज बारीक. "वहिनी, माझ्या पोरीला पाळीत उलट्या होऊन राहिल्यात. आई म्हणती, नाटकं हायत. तिला कुठं दाखवू?"

नंबर दिला. सोबत मी जाणार आहे, टाके ओले असले तरी.

तुमच्या घरातलं कोण नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन लोळतंय?