सुधाकाकूंच्या खिडकीचं शटर

मागच्या महिन्यात एका सकाळी मी डबे भरत होते आणि बेल वाजली. दारात समोरच्या घरातल्या लोरेआजी होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, नेहमीचा फुलाफुलांचा एप्रन, पण चेहरा उतरलेला. "सुधा गेली," त्या म्हणाल्या. "शटर वर गेलं नाही म्हणून आत जाऊन पाहिलं. झोपेतच गेली. डॉक्टरांना कळवलंय. तिच्या नितीनला फोन तू कर, माझ्याच्याने बोलवणार नाही." सुधाकाकू माझ्या सख्ख्या कोणी नव्हत्या. शेजारीण. पण मी तिथेच दारात बसून ढसाढसा रडले, आणि लोरेआजी माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटारीच्या कारखान्यात मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नोकरी लागली आणि शहरात घर मिळेना, म्हणून आम्ही या खेड्यात येऊन पडलो. दुकान नाही, हॉटेल नाही, पाववाल्याची गाडी सकाळी येते तेवढीच. मी पुण्यात, भर पेठेत वाढलेली. मला तर धडकीच भरली. पहिल्याच रविवारी आम्ही शटरं पाडून मस्त उशिरापर्यंत झोपलो. इथे प्रत्येक खिडकीला बाहेरून दुकानासारखं शटर असतं, आतून पट्टा ओढून वर-खाली करायचं. अकराच्या सुमाराला बेलवर बेल. उघडून बघते तर लोरेआजी सुपाचं पातेलं घेऊन उभ्या, मागे हत्यारांची पेटी घेतलेले एक आजोबा, आणि त्यांच्या मागे साडीवर जाड जॅकेट घातलेल्या एक मराठी बाई पोट धरून हसतायत. त्या सुधाकाकू.

"अगं, इथे शटर म्हणजे हजेरी," त्या म्हणाल्या. "सकाळी वर गेलं की गल्लीला कळतं, माणसं उठली, ठीक आहेत. नाही गेलं की लोक येणारच."

"पण काकू, रविवारी झोपायचं असलं तर?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, मलाही हाच प्रश्न पडला होता. उठायचं, शटर वर करायचं, गल्लीला तोंड दाखवायचं आणि पुन्हा झोपायचं. मी तेच करते."

काकांच्या नोकरीपायी त्या इथे आल्या तेव्हा नितीन रांगत होता. काका गेले, नितीन म्युनिकला गेला, काकू राहिल्या. रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार करायचाच, ओळख नंतर विचारायची, दुपारी जेवणानंतर खिळासुद्धा ठोकायचा नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. गावच्या अग्निशमन दलाच्या उन्हाळी जत्रेत सॉसेजच्या शेजारी त्यांचा बटाटेवड्याचा स्टॉल असायचा. दलाचे धिप्पाड गडी बशी घेऊन ओळीत उभे, आणि काकू झारा हातात धरून त्यांना मराठीतच दटावायच्या, "थांब रे, तेल तापू दे." आणि ते थांबायचे.

मग एका हिवाळ्यात त्या बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. नितीन धावत आला आणि त्याने म्युनिकला न्यायचं टुमणंच लावलं. मायलेकांचं भांडण मोठं बघण्यासारखं. काकू मराठीत बोलायच्या, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, दोघांनाही सगळं कळायचं. "इथे तुझ्याकडे बघणार कोण?" हा त्याचा एकच मुद्दा. काळजी खरी होती, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण काकू माझ्याकडे येऊन रडल्या. "त्याच्या सहाव्या मजल्यावर मी सकाळी उठले काय अन् नाही काय, कुणाला पत्ता लागणार आहे? मला माझ्याच घरात राहायचंय गं... शेवटपर्यंत."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला मागच्या दाराने बोलावलं. शटरं मुद्दाम खाली. स्वयंपाकघरात छोटा दिवा, आम्ही तिघं चहा घेऊन बसलेलो. नितीन वैतागलेला. "बस गप्प," काकू म्हणाल्या, "आणि चहा पी."

शटर वर जायची रोजची वेळ टळली आणि थोड्या वेळाने फोन वाजला. काकूंनी उचलला नाही. मग बेल. तीही वाजू दिली. मग कुलपात किल्ली फिरली आणि लोरेआजी आत आल्या, झोपेचा गाऊन, केसांना रोलर्स, पायात बागेतले बूट. मागे पाववाला, हातात पावाची पिशवी तशीच. आम्हाला चहा पिताना बघून आजींनी कमरेवर हात ठेवले.

"ये लोरे, चहा घेतेस?" काकू म्हणाल्या.

त्यानंतर आजींनी इथल्या श्वाबियन बोलीत काकूंची जी हजेरी घेतली, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही, पण ते प्रेम होतं हे पाववाल्यालाही कळलं. नितीनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आल्झो..." तो म्हणाला, म्हणजे 'बरं तर', आणि मग चक्क मराठीत, "राहा तू इथेच."

काकू राहिल्या. मनासारखं, आपल्या घरात, आपल्या पलंगावर गेल्या. बाईने हट्ट पुरा करून घेतला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

तेरावं झालं आणि संध्याकाळी लोरेआजी आल्या. त्यांचीही मुलगी त्यांना हॅम्बुर्गला न्यायला टपलेली आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. काकूंच्या शटरवर आजींची नजर असायची, हे मी पाहिलं होतं. आजींच्या शटरवर कुणाची असायची, हा विचार मी कधी केलाच नव्हता. आजी बसल्या नाहीत. "तू सकाळी किती वाजता उठतेस?" एवढंच विचारलं.

"साडेसहाला."

"ठीक, चालेल," म्हणाल्या आणि गेल्या.

आता रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहते. मंदार म्हणतो, उशीर होतोय. होऊ दे. समोर लोरेआजी आतून पट्टा ओढतात, शटर जरा अडकतं, मग खडखडत पूर्ण वर जातं.

"शटर गेलं हो वर, काकू," मी म्हणते, आणि मग ऑफिसला निघते.