सोवळ्यातली वीज

माझ्या सासूबाई फार सोवळ्याच्या. त्या गेल्या तेव्हा, दुःखात का होईना, आता ओलेत्याने स्वयंपाक करायला नको, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. आमच्या ह्यांना मात्र देवाधर्माचं काडीचं प्रेम नव्हतं. जन्म गेला फॅक्टरीत, लष्कराच्या डिझेल ट्रकांच्या धुरात. रिटायर झाल्यावर विजय नगरच्या आमच्या गच्चीवर ह्यांनी सोलर पॅनेल बसवले, जुनी गाडी विकून विजेवरची घेतली आणि पाहता पाहता आईपेक्षा कडक सोवळं सुरू केलं.

नियम एकच. गाडी भरायची ती आपल्या गच्चीवरच्या उन्हावर. दिवस मावळला की वायर काढून खुंटीला. रात्री खांबावरून येणारी वीज कोळशाची, म्हणजे ओवळी. ती घरातल्या पंख्याला चालेल, गाडीला नाही. पुण्याच्या मुलाने फोनवर समजावलं की दिवसा आपण जास्तीची वीज तारेत सोडतोच, रात्री तेवढी परत घेतली तर हिशेब जुळतो. हे म्हणाले, हिशेब कागदावर जुळतो, धूर निघायचा तो निघतोच. सकाळी अंघोळ करून पॅनेल पुसायला गच्चीवर जायचे, आणि मी खालून विचारायची, नैवेद्य पाठवू का. चिडवायची खरी, पण मला त्यांचा अभिमान वाटायचा. आयुष्यभराचा धूर हा माणूस असा फेडतोय, असं मी बहिणीला सांगायची.

माझी ही मोठी बहीण तीन-चार तासांवरच्या सिवनीला दिलेली. आम्हाला भाऊ नाही. इथल्याच दीक्षितपुऱ्यातलं आईवडिलांचं घर कधीच गेलं, तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे माझं घर. माहेरवाशिणीला आणायला माहेरचा पुरुष मुराळी म्हणून जातो, तो मान आमच्यात ह्यांचा. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी हे सिवनीला जायचे आणि तिला घेऊन यायचे. तिचे यजमान गेल्यावरही त्यात खंड पडला नाही.

गेल्या श्रावणात तिचं हृदय अधू झालं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले की जपा. घरी आल्या आल्या तिने मला फोन केला. तुझ्याकडे यायचं आहे म्हणाली, काही करणार नाही, आठ दिवस नुसती पडून राहीन. आवाज खोल गेला होता. मी ह्यांना म्हटलं, उद्याच निघू.

आणि आभाळ जे भरून आलं ते हटेचना. गाडी निम्म्याहून थोडी जास्त भरून थांबली होती. वाटेत वीज संपायला नको, म्हणून पूर्ण भरल्याशिवाय हे निघणार नव्हते. रोज सकाळी गच्चीवर जाऊन यायचे आणि म्हणायचे, उद्या नक्की. मी म्हटलं, एक रात्र वायर राहू द्या, काही बुडत नाही. परतताना सिवनीची वीज भरणारच आहात ना? तर म्हणे, तिथे नाइलाज आहे, इथे नाही. टॅक्सीचं नाव काढलं तर, छातीचं दुखणं असलेल्या बाईला धुरात आणायचं का, असं विचारलं. बसने मी एकटी गेले असते, पण तिला आणलं कशात असतं? शेवटी मी बहिणीलाच फोन लावला, की तू तरी सांग ह्यांना. ती हसली.

"काहून रागावून राहिली त्यांच्यावर? ऊन पडलं की या. मी कुठं पळून चालली?"

गुरुवारी लख्ख ऊन पडलं. ह्यांनी सकाळीच वायर लावली, मी तिच्यासाठी खोली झाडून घेतली. दुपारी जेवणं होता होता भाच्याचा फोन आला. ती बसल्या जागी गेली होती.

ह्यांनी वायर काढली आणि आम्ही निघालो. सिवनीला पोचलो तेव्हा, सकाळपासून जेवढी वीज भरली होती त्याहून जास्त गाडीत उरलेली होती. म्हणजे आदल्या दिवशी निघालो असतो तरी पोचलो असतो. मी तो आकडा पाहिला. ह्यांनीही पाहिला.

तिची बॅग दाराशी होती. कितीतरी दिवसांपासून भरलेली, सून म्हणाली. गाडीत पाठीला लागेल म्हणून तिने एक छोटी उशीही शिवून घेतली होती. केव्हा येणार मावसोबा, असं सुनेने विचारलं की सांगायची, "आमचा मुराळी उन्हावर चालते. ऊन पडलं की येते तो." सून हे रडत रडत, पण कौतुकानेच सांगत होती. हे दाराशी उभे होते, ते तिथेच खाली बसले.

लोक म्हणतात, तिची वेळ आली होती. मी म्हणत नाही. मला ह्यांचा राग आला आणि अजून येतो, पानात भाजी वाढता वाढता येतो. एका चांगल्या गोष्टीपायी माझी बहीण वाट बघत गेली, आणि चांगल्या गोष्टीशी भांडावं कसं ते मला कळत नाही. पॅनेल उपटून टाका, असं कोणत्या तोंडाने म्हणू? ते आपले रोज ऊन घेतात आणि वीज देतात.

ह्यांचं सोवळं मात्र त्या दिवशी सुटलं. आता गाडी दारात आली की, दिवस असो की रात्र, हे आधी वायर लावतात. गच्चीवर जात नाहीत. पॅनेलवर धुळीचा थर बसलाय. परवा अंधार पडताना हे वायर घेऊन निघाले, तेव्हा मला राहवलं नाही.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "सकाळी उन्हात लावा."

बऱ्याच महिन्यांनी मी त्यांच्याशी मऊ बोलले असेन. हे थांबले. वायर हातातच होती.

"आणि रात्री कोणी बोलावलं तर?"

मला घ्यायला या, असं म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.