शटरमधली म्हैस

आमचा टीव्ही मी कुलपात ठेवत असे, तो त्याच्या काचेला धक्का लागू नये म्हणून. माझ्या अब्रूला कुलूप लावायचं मात्र सुचलं नाही.

धरमपेठेतल्या आमच्या बैठकीत तो नवाकोरा उभा होता. चार पाय, लाकडी शटर, शटरला कुलूप आणि बटणं सगळी शटरच्या आत! त्या संध्याकाळी माझी बहीण शैला हिला पाहायला अमरावतीचे पाहुणे येणार होते. मी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लावून बसलो होतो, तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला. मी शटर ओढलं, किल्ली फिरवली. झाला टीव्ही बंद!

“बटण बंद केलं का जी?” बायकोने विचारलं.

“अवं, लाइटच नाही, तर बटण कायले बंद करू?” मी हसलो. (असं हसू देव शत्रूलाही न देवो!)

पाहुणे आले. कंदिलाच्या उजेडात नमस्कार झाले. मुलाचे वडील म्हणाले, “बोलवा आता मुलीले.” शैला पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली आणि लाइटही आली!

बंद शटरमागून खणखणीत आवाज निघाला, “निवड करताना घाई करू नये. आधी तिला चालवून पाहावी!”

शैला जागीच थिजली.

“दात नीट तपासावेत!”

“अगंबाई! हे कोण बोलून राहिलं जी?” मुलाची आई दचकली.

“काही नाही, म्हैस आहे!” मी घाईघाईने म्हणालो. (म्हणताना मी शैलाकडे पाहत होतो, हे बायकोने नंतर सांगितलं.)

मी धावत जाऊन किल्ली जोरात फिरवली. अर्धी हातात आली, अर्धी कुलपातच राहिली! आवाज दाबायला म्हणून दिवाणावरची चादर खस्सकन ओढली. तिच्यावर मुलाचे काका बसले होते. चादरीबरोबर तेही आले.

“काहून ओढता जी मले?” काका जमिनीवरून ओरडले.

टीव्हीवर टाकलेल्या चादरीखालून आवाज आला, “लाथा मारते का, याची चौकशी करावी!”

मुलाच्या वडिलांनी गंभीरपणे विचारलं, “मारते का जी?”

शैलाने ट्रे टेबलावर ठेवला, टीव्हीमागच्या भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं आणि वळून म्हणाली, “मारते ना! पण फक्त दादाले.”

आधी मुलगा हसला, मग सगळी बैठक. काकासुद्धा, कंबर चोळत.

“मुलगी पसंत आहे आपल्याले,” मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले. मग माझ्याकडे जरा काळजीने पाहत त्यांनी विचारलं, “अन् तुम्ही काय करता जी?”

मी चादरीची घडी घालत पुटपुटलो, “वीज खात्यात आहो.”