हौदाची तिसरी पायरी

रिसोडच्या कापसाच्या जिनात माझे काम राखेचे होते. भट्टीच्या खालच्या दारातून आमचे हे लांब दांड्याच्या लोखंडी ओढणीने राख बाहेर ओढत. मी तिच्यावर बादलीभर पाणी मारी, तिचे फुसफुसणे थांबले की घमेल्यात भरी आणि भिंतीमागे नेऊन टाकी. तिथे बुढीमाय बसलेली असे. ती राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचून टोपलीत जमा करी आणि तो पुन्हा भट्टीत जाई. कोळसा वाशीमच्या ठेसनातून बैलगाड्यांनी येत असे, म्हणून एक खडाही वाया जाऊ देत नसत.

पाणी मी हौदातून आणायची. हौद जमिनीत खणलेला, दगडी, आत उतरायला सात पायऱ्या. बायलरही याच हौदाचे पाणी पीत असे. पंपाची नळी पलीकडच्या कोपऱ्यातून आत सोडलेली होती. पहाटे मोट चालवून हौद काठोकाठ भरत आणि बायलर पीत जाई तशी एकेक पायरी उघडी पडे. भाकरीचा भोंगा झाला की तिसरी, उन्हे उतरली की पाचवी. ह्या पायऱ्या मोजायला मला कोणी सांगितले नव्हते. मी कोणाशी बोलत नसे आणि मान वर करीत नसे, तेव्हा खाली जे दिसे तेच मोजत असे.

माझे माहेर आसेगावचे. चौथी पास झाले आणि लग्न झाले. यांचे मामा जिनातले इंजिनवाले मिस्त्री होते. त्यांच्याच शब्दावर यांना कोळसा वाहण्याच्या कामावर घेतले होते. चार वर्षे यांनी कोळसा वाहिला. मग मागच्या हंगामाच्या अखेरीस जुने आगवाले, म्हणजे बुढीमायचे यजमान, तापाने गेले आणि मामांनी भट्टीचे फावडे यांच्या हातात दिले. शेटजींच्या मनात नव्हते. त्यांना बाहेरगावचा शिकलेला माणूस हवा होता. मामांनी सांगितले, येता हंगाम पाहा, चुकला तर मीच काढून टाकतो. म्हणजे तो हंगाम आमच्या परीक्षेचा होता. मामा माझे मामेसासरे. त्यांच्यासमोर मी पदर नाकापर्यंत ओढून उभी राही. त्यांच्यासमोर यांच्याशी बोलायचे नाही, ही आमच्या घरची रीत होती, आणि भट्टीपाशी मामा दिवसभर असत. त्यामुळे एकाच ठिकाणी काम करूनही आम्ही नवराबायको सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुके असू.

सरकी निवडणाऱ्या बाया बायलरवरून मला फार चिडवत. त्यांना बोलायला भरपूर वेळ असे.

"तुही सवत दिसाले गाडीभर कोयसा खाते माय. तुले भाकर तरी पुरते का?"

"तिले घाम येते तं तो तिले पुसते. तुले पुसते का?"

मी हसून पुढे जाई. उत्तर मला घरी गेल्यावर सुचत असे.

दिवाळी झाली आणि मुहूर्त ठरला. हंगामाच्या पहिल्या दिवशी बायलरची ओटी भरायची आणि ती आगवाल्याच्या बायकोने भरायची, असा त्या जिनातला रिवाज होता. खण, नारळ, तांदूळ भट्टीच्या तोंडाशी ठेवायचे, हळदकुंकू लावायचे आणि झेंडूचा हार घालायचा. एकदा घातलेला हार दिवस बुडेपर्यंत काढायचा नाही आणि काढायचा तो घालणारीनेच. दुसऱ्या कोणी हात लावला तर हंगाम मोडतो, असे सारे मानत. दहा वर्षे हे बुढीमायने केले होते. आता तिच्या कपाळावर कुंकू नव्हते, म्हणून ती त्या दिवशी भिंतीपलीकडेच थांबली.

आदल्या दिवशी तिने मला राखेवर बसून समजावले होते.

"हार वरच्या मोठ्या चाकाले लावजो. पितयेचं चाक हाये, वाफेचं. दुसरीकडं कुठीसा नको लावजो."

"बरं."

"बरं म्हनतं, पन डोये उघडे ठेवजो. तू मान खाली घालून चालतं."

मुहूर्ताच्या सकाळी भट्टीपुढे पन्नासएक माणसे जमली. शेटजी, त्यांचे कारकून, कापसाच्या गाड्या घेऊन आलेले शेतकरी, सरकीच्या बाया. भट्टीचे दार उघडेच होते. पुढून विस्तवाची धग, मागून इतक्या जणांची नजर. मी पदर इतका खाली ओढला होता की मला माझी बोटे आणि ताट एवढेच दिसत होते. कुंकू लावले, तांदूळ सांडले, नारळ घरंगळला तो मामांनी पायाने अडवला. कोणीतरी मागे फिसकन हसले. मग मी हार उचलला आणि हाताला जे पहिले पितळ लागले त्यावर अडकवून मागे सरले. भोंगा झाला. इंजिनाचा पट्टा फिरू लागला. आत सरकी काढणारे रेचे घरघरले. मी घमेले घेऊन भिंतीमागे निघून गेले.

बुढीमायने विचारले, "लावला?"

"लावला."

"चाकाले?"

मी मान हलवली. पण मनात काहीतरी खुपले. चाक गोल असते. माझ्या हाताला लागले होते ते उभे होते.

राख आणायला परत गेले तेव्हा पाहिले. हार पाण्याच्या काचेवर होता. बायलरच्या तोंडावर एक काचेची नळी असते, खालीवर दोन पितळी तोट्या. आत किती पाणी आहे ते त्या नळीत दिसते. अशा दोन नळ्या होत्या, पण एक मागच्या हंगामात फुटली होती आणि नवी अजून आली नव्हती. उरलेल्या एकीवर माझा हार. जाड, दुपदरी, मीच गुंफलेला. वाफेने फुले ओली होऊन काचेला चिकटली होती.

तेव्हाच काढायला हवा होता. पण मामा तिथे उभे होते, शेटजी गेले नव्हते, आणि मी हार हलवला असता तर साऱ्यांनी विचारले असते काय झाले. मी मनाची समजूत घातली की यांचे लक्ष आहे. हे घडोघडी वाकून फुलांच्या फटीतून काचेत पाहत होते, ते मला दिसत होते. रोज हे खालची तोटी सोडून पाणी येते का तेही पाहत. त्या दिवशी तोटीवर हार होता, म्हणून तोटीला हात लावत नव्हते.

माझे कामात लक्ष लागेना. राखेवर पाणी मारले ते पायावर उडाले. एक घमेले उकिरड्याऐवजी वेचलेल्या कोळशावर ओतले. बुढीमाय शांतपणे पुन्हा वेचू लागली.

"काय झालं तुले?"

मी सांगितले.

तिने हातातला कोळसा टोपलीत टाकला. मग म्हणाली, "आमचे हे सांगत, पानी उतरलं का आतली विस्तवाची नयी लाल होते. तवा पानी नाई सोडायचं. थंड पानी गेलं तं बायलर फुटते. विस्तवावर ओली राख घालायची आन दूर व्हायचं." पुढे म्हणाली, "पन तो पाहून राह्यला ना काचेत."

"पाहून राह्यले."

"मंग झालं."

पण तिचेही हात थांबले होते.

भाकरीचा भोंगा झाला. मी हौदावर गेले. पाणी तिसऱ्या पायरीवर होते. बरोबर होते. भाकर खाल्ली, खाल्ली म्हणजे चावली. मग बादली घेऊन गेले, तिसरी. राखेच्या चार खेपा झाल्या, पुन्हा गेले, तिसरी. मला वाटले मीच चुकले. पायरीवर बोटाने ओली रेघ ओढून ठेवली. आणखी तीन खेपा केल्या. पाणी रेघेच्या खाली गेले होते ते माझ्या बादल्यांइतकेच, दोन बोटे. बायलर काहीच पीत नव्हता. पंपाचा खटखट आवाज मात्र येत होता.

मी बादली तिथेच ठेवली.

"बुढीमाय, हौद उतरत नाई. भाकरीपासून तिसरीवरच हाये."

ती उठून उभी राहिली. "जाय. सांग त्याले."

"मामाजी हायेत."

"असू दे."

"मले बोलता येत नाई त्यायच्या समोर."

"मंग बोलू नको," ती म्हणाली. "हार काढ. तुहाच हार हाये. मले काढता आला असता तं मीच गेली असती."

मी निघाले. भिंतीपासून भट्टीपर्यंत वीस पावले असतील. मामा इंजिनाला तेल घालत होते. दोन कारकून दारात उभे होते. हे फावड्याने कोळसा टाकत होते, पाठ माझ्याकडे. मला एवढेच दिसत होते की आज इंजिनाचे चाक थांबले तर यांचे फावडे जाईल आणि नाही थांबले तर हेच जातील. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी हार ओढला. फुले काचेला चिकटलेली राहिली. ती मी पदराने पुसली. पदर भाजला.

हे वळले. रागाने माझ्याकडे पाहिले आणि मग काचेकडे. काच खालपर्यंत कोरडी होती.

यांनी खालची तोटी सोडली. नुसती वाफ सुसाटत आली.

"अवं, राख आण. ओली," हे म्हणाले. मामांसमोर मला उद्देशून बोललेले ते यांचे पहिले शब्द.

राख काय, घमेलेही माझ्याजवळ नव्हते, मी रिकामीच आले होते. पण मागून बुढीमाय आली, डोक्यावर भरलेले टोपले घेऊन, मुहूर्ताच्या दिवशी, सगळ्यांच्या मधून. यांनी ते टोपले तसेच भट्टीत उलटे केले. मग आम्ही दोघी धावत राहिलो. किती खेपा केल्या ते मोजले नाही. धुराने डोळे जात होते. भट्टी काळी पडली, वाफेच्या घड्याळाचा काटा खाली आला, इंजिन धापा टाकत थांबले आणि आतले रेचे एकेक करून गप्प झाले. इतका आवाज दिवसभर असतो आणि थांबला की कान दुखतात.

शेटजींचा कारकून आत आला. "मुहूर्ताच्या दिवशी चाक थांबवलं कोनं?"

मामांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते खाली पडलेल्या हाराकडे पाहत होते.

"दिवस बुडाच्या आंधी हार कोनं काढला?"

"म्या काढला," हे म्हणाले.

ते खोटे होते, आणि त्या खोट्याने यांचे काम जाणार होते. पदर भाजलेला असल्यामुळे पुरता ओढता येत नव्हता.

"मामाजी, हार म्या काढला," मी म्हणाले. "लावला बी म्याच, काचेवर. मले दिसलं नाई. हौद भाकरीपासून तिसऱ्या पायरीवर हाये."

माझा आवाज मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांनी डोक्याचे फडके काढले आणि सरळ हौदाकडे गेले. सदऱ्यासकट कमरेइतक्या पाण्यात उतरून पंपाच्या नळीच्या तोंडाशी हात घातला. मुठीएवढा भिजलेल्या रुईचा गोळा निघाला. रेच्यांतून वाऱ्याने उडालेली रुई पाण्यात पडून जाळीत अडकली होती.

परत येऊन त्यांनी यांना विचारले, "काच कितीदा पाहिली?"

"घडीघडी पाहिली मामा. पान्याची रेघ दिसून राह्यली होती. सरळ, पांढरी."

मामांनी हार उचलला, दोन फुलांमधली जागा यांच्या डोळ्यांपुढे धरली. मी ओवलेला सुताचा दोरा, काचेवर आडवा बसलेला. सरळ, पांढरा. हे खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बायलर निवल्यावर मामांनी आत उतरून पाहिले. विस्तवाच्या नळीवर दोन बोटे पाणी उरले होते. शेटजींशी त्यांचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. बराच वेळ आवाज चढलेले होते. बाहेर आले तेव्हा ते थेट भिंतीमागे आले. मी पदर ओढून उभी राहिले.

"सूनबाई, उद्यापासून हौद तुह्याकडं," ते म्हणाले. "पायरी उघडी पडली का तिथूनच वरडून सांगायचं. भट्टीपर्यंत आयकू आलं पाह्यजे. आन उघडी पडाची वेय होऊन गेली आन नाई पडली, तं ते बी सांगायचं. तू वरडतं तोवर त्याचं फावडं राहीन. तू गप बसली तं नाई."

यापेक्षा मला उकिरड्यावर बसवले असते तरी चालले असते.

दुसऱ्या सकाळी भट्टी पुन्हा पेटली, उन्हे वर आली आणि पहिली पायरी उघडी पडली. मी तोंड उघडले, आवाज आला नाही. सरकीच्या बाया कामे थांबवून पाहत होत्या. एकजण म्हणाली, "सवतीले पानी पाजाले हाक मारते." बाकीच्या हसल्या. बुढीमायने टोपली बाजूला ठेवली, पण माझ्यासाठी ओरडली नाही. मी रिकामे घमेले दगडावर आपटले, एकदा, दोनदा, आणि त्या आवाजाच्या आडून ओरडले, "पह्यली."

आत भट्टीच्या लोखंडी दारावर फावडे एकदा वाजले.

मी तिथेच पायरीवर बसून राहिले, दुसरीची वाट पाहत. तिला नेहमीपेक्षा उशीर होतो आहे असे मला वाटत होते.