धावपट्टीच्या टोकाला गिधाडं

ती घटना आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतं ते बैलाचं हिरवं शिंग. सत्तरच्या दशकात मी परभणी जिल्ह्यात फौजदार होतो. त्या साली कपाशीवर अळी पडली आणि देवगाव फाट्याच्या बाजूला एका गावाच्या गायरानावर फवारणीच्या विमानासाठी मातीची धावपट्टी केली गेली. विमान औषध भरून उडायचं, शिवारावर फवारून परत यायचं आणि लगेच पुन्हा उडायचं. सकाळभर हीच ये-जा. बघ्यांची गर्दी हटवायला मला तिथे शिपाई नेमावे लागले.

पोळा नुकताच झाला होता. एका सकाळी विमान जमिनीवरून उठलं आणि समोरून आलेलं गिधाड त्याच्या पंखावर आदळलं. विमान कलंडत पुढच्या ज्वारीत जाऊन बसलं. पायलटच्या कपाळाला खोक पडली, पण जीव वाचला. पट्टीच्या टोकाला मेलेला बैल पडला होता आणि त्याच्यावर गिधाडांची पंगत बसली होती. रुमालानं रक्त पुसत पायलट मला म्हणाला, "साहब, ये परिंदे अपने आप नहीं आए. किसी ने दावत दी है."

दावत कोणी दिली ते मला शोधायचं होतं. खरं सांगतो, बांधावरच्या मारामाऱ्यांना कंटाळलेल्या मला हे प्रकरण मनापासून आवडलं.

खबर शोधायला जावं लागलं नाही, ती चालत ठाण्यात आली. त्याच गावचा एक बडा बागायतदार समोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझं नाव घिऊ नका साहेब, पण बौद्धवाड्यातल्या त्या शिकलेल्या पोराचं काम हाय हे. गायरानात त्यांची पेरणी होती, ती पट्टीत गेली. लय राग हाय त्यांच्या मनात. विमान पाडायलेत ते."

कारण पटण्यासारखं होतं. चावडीवर चौकशी केली तर सगळ्यांनी एकसुरात माना डोलावल्या. इतकं एकमत मला सहसा पचत नाही, पण चौकशी करणं भाग होतं.

तो 'शिकलेला पोरगा' म्हणजे मास्तरकीची परीक्षा पास झालेला तरुण. गावातल्याच प्राथमिक शाळेत त्याची नेमणूक झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. त्यावर मी 'गुन्हा दाखल' एवढे दोन शब्द लिहिले असते तर नोकरी गेली असती. त्यालाही ते ठाऊक होतं. जमादारानं त्याला आणून उभा केला, तेव्हा त्याची नजर त्या कागदांच्या गठ्ठ्यावरच होती.

एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, ही माझी पद्धत. पुष्कळांना ती शांतता सोसत नाही आणि ते नको ते बोलून जातात. "बैल कोणी टाकला?" म्हणून मी गप्प बसलो. त्यानं गठ्ठ्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "साहेब, एक इचारू? धम्म घेतला तवापासून आमी मेलेली ढोरं वढायचं सोडलं. त्यापायी गाव अजूनबी आमच्याशी नीट बोलत न्हाई. वढत न्हाई म्हणून आमच्यावर राग, आन् आता आमीच वढून टाकलं म्हणून तक्रार. यातलं खरं कोणतं धरायचं?"

दाराशी उभ्या जमादाराला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. मी मात्र खुर्चीत सरळ झालो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्यच नव्हतं. मग या गावातली मेलेली जनावरं नेतं तरी कोण?

दुसऱ्या दिवशी चावडीवर नेमकं हेच विचारलं. आदल्या दिवशी एकसुरात माना डोलावणारी माणसं आपापल्या वहाणा बघायला लागली. एकाला तर तेव्हाच पटका पुन्हा बांधायचा होता.

पट्टीवर जाऊन पंचनामा पुन्हा वाचला, हाडं पुन्हा पाहिली. गिधाडं फारसं काही मागे ठेवत नाहीत, पण शिंगं शाबूत होती. हिरवा ऑईलपेंट आणि त्यावर पिवळे पट्टे. पोळ्याला बैलांची जोडी सारखी रंगवतात. म्हणजे याचा जोडीदार गावात कुठेतरी अशीच शिंगं घेऊन उभा असणार.

"चोर शोधायचा का बैल बघायचा, साहेब?" जमादारानं विचारलं.

"बैल," मी म्हणालो. "तो खोटं बोलणार नाही."

गोठे बघत फिरलो. हिरव्या शिंगांचा, पिवळ्या पट्ट्यांचा बैल सापडला तो खबर देणाऱ्या बागायतदाराच्या गोठ्यात. शेजारचा खुंटा रिकामा होता.

मी त्या खुंट्याकडे नुसता बघत राहिलो. बागायतदार आपणच बोलायला लागला. "पान लागलं त्याला, साप डसला. सालगडी हात लावंना. मग म्या सोताच गाडीला बांधून वढला, उजाडायच्या आत. कुनी बघितलं असतं तर त्वांड कुठं दाखवलं असतं? पट्टीच्या टोकाला कुनी येत न्हाई म्हणून तिथं टाकला. विमान पडल्यावर मातर घाबरलो."

"बैल तुमचा होता ना?"

"पोटच्या लेकरावानी वाढवला साहेब."

"मग त्याला न्यायची लाज कसली?"

अहवालात मी खरं तेच लिहिलं आणि खोट्या खबरीबद्दल त्याला पुढे दंडही झाला. चावडीवर सगळ्यांसमोर त्यानं आपली खबर मागे घेतली. पडताळणीच्या कागदावर मी 'आक्षेप नाही' असं लिहून सही केली आणि तो तरुणाच्या हातात देताना पहिल्यांदा त्याला गुरुजी म्हणालो.

पट्टीपासून लांब, ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं पुरायची जागा ठरली. ऊन तापलं की गिधाडं उंच चढतात, म्हणून दुरुस्त झालेलं विमान पायलट कोवळ्या उन्हातच उडवायला लागला. उडण्याआधी एक शिपाई डबा बडवत पट्टीवर धावायचा. लोकांना तो पोरखेळ वाटे, पण फवारणी निर्विघ्न पार पडली.

तेव्हापासून कुठलीही तक्रार आली की मी एकच गोष्ट आधी विचारत आलो, की हे काम रोज कोण करतं? गुन्हा कोणी केला हे लोक पढवल्यासारखं सांगतात. काम कोणाच्या गळ्यात घातलंय, हे सांगताना मात्र अडखळतात.

पुढच्या वर्षी तो उरलेला बैलही गेला. योगायोगानं मी गावात होतो. बागायतदार भर दुपारी, चावडीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडीमागे बैल बांधून निघाला होता. मान खाली होती, पण थांबला नाही. शाळेतून गुरुजी बाहेर आले, कुणाच्या तरी ओसरीवरचं फावडं उचललं आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागले.

"खड्डा खांदू लागतो मालक," ते म्हणाले. "वढणार मातर न्हाई."

बागायतदारानं मान वर केली.

"वढायला म्या हाय की, गुरुजी."